अँटिगनी आणि इस्मेनी: दोन बहिणी तालमीत उभ्या करताना

सोफोक्लीजचं 'अँटिगनी' बसवायला घेतलं की सगळ्यांचा डोळा असतो अँटिगनी आणि क्रेऑनच्या खडाजंगीवर. क्रेऑन करणारा नट घरूनच आवाज लावून येतो. पण या नाटकाचा पाया त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या ९९ ओळींत घातला जातो आणि त्या ओळींत रंगमंचावर फक्त दोन बहिणी असतात, अँटिगनी आणि इस्मेनी. या दोघींचं नातं तालमीत नीट बसलं नाही, तर अँटिगनी पुढे कितीही तडफेने बोलली तरी नुसती हट्टी पोर वाटते. इस्मेनी तर प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नाही. या दोन भूमिका बसवताना काम कोणत्या क्रमाने करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहितो आहोत.

नाटक ख्रिस्तपूर्व ४४१ च्या सुमाराचं मानलं जातं. थीब्ज नगरीत इडिपसचे दोन मुलगे, इटिओक्लीज आणि पॉलिनायसिस, गादीपायी लढले आणि एकाच दिवशी एकमेकांच्या हातून मेले. गादीवर त्यांचा मामा क्रेऑन बसला. त्याने फर्मान काढलं की इटिओक्लीजचं दफन इतमामाने करायचं. पॉलिनायसिस परक्यांची फौज घेऊन स्वतःच्या गावावर चालून आला, तेव्हा त्याचं प्रेत उघड्यावर टाकायचं, कुत्र्यांनी आणि पाखरांनी खावं. जो त्याला माती देईल त्याला गावासमोर दगडांनी ठेचून मारायचं. पॉलिनायसिसने आणलेली ही आर्गॉसची फौज रात्रीतून पळाली आहे, अजून उजाडायचं आहे. अँटिगनी बहिणीला राजवाड्याच्या दाराबाहेर बोलावून घेते, कारण हे बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानावर जायला नको. भावाला आपण दोघी मिळून माती देऊ, असं ती म्हणते. इस्मेनी नाही म्हणते. प्रसंग एवढाच आहे.

पहिलं काम संहितेवर. इंग्रजीतली वेगवेगळी भाषांतरं समोर ठेवून मराठी संहिता तयार करताना मूळ ग्रीक ओळींचे क्रमांक समासात लिहून ठेवावेत. हे कटकटीचं वाटतं, पण पुढे फार उपयोगी पडतं. ग्रीक शोकांतिकेत भांडण तापलं की पात्रं एकेक ओळच बोलतात. याने एक टाकली की त्याने एक. मराठीत आणताना त्या एका ओळीच्या सहज तीन होतात, कारण भाषांतर करणाऱ्याला सगळा अर्थ पोहोचवायचा असतो. मग दोन बहिणी एकमेकींना भाषण देतात असं वाटायला लागतं. समासात क्रमांक असला की कोणतं वाक्य फुगलंय ते लगेच दिसतं. आमचा ठोकताळा असा: मुळात एक ओळ असेल तर मराठीत ते वाक्य एका श्वासात, फार तर बारा शब्दांत संपलं पाहिजे. हा प्रवेश आठ मिनिटांत बसतो. दहाच्या पुढे गेला तर एक तर वाक्यं लांबली आहेत किंवा नट्या प्रत्येक वाक्याआधी पॉज घेतायत.

संबोधनाचा निर्णयही इथेच घ्यावा लागतो. मराठी कान लगेच विचारतो, मोठी कोण? 'ताई' घातलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो आणि प्रवेश मात्र बिघडतो. या नाटकात दोघींपैकी थोरली कोण हे कुठेच सांगितलेलं नाही. इस्मेनीच्या तोंडी 'ताई' आलं की तिचा नकार हा धाकटीचा घाबरटपणा ठरतो; अँटिगनीच्या तोंडी आलं तर धाकटीचं बंड होतं. दोन्ही गोष्टी मुळात नाहीत. आम्ही दोघींना नाव आणि 'अगं' एवढ्यावरच ठेवतो. क्रेऑनला मात्र ठरवून एका ठिकाणी 'मामा' म्हणायला लावतो, इस्मेनीकडून, दुसऱ्या प्रवेशात. तिथे ती जीव वाचवायला नातं पुढे करते आहे. अँटिगनी त्याला मामा म्हणेल हे आम्हाला कधी पटलं नाही.

बैठ्या तालमीत एक साधं काम करून घ्यावं. दोघींना दोन रंगांच्या पेन्सिली द्यायच्या. मेलेल्या माणसाचा उल्लेख आला की लाल रेघ, जिवंत माणसाचा आला की निळी. सगळ्यांचा अंदाज असतो की अँटिगनीचं पान लाल होईल आणि इस्मेनीचं निळं. होतं भलतंच. इस्मेनीचं मोठं भाषण, ४९ ते ६८ या ओळी, सुरुवातीला जवळजवळ सगळंच लाल निघतं. मेलेल्यांची आठवण तिलाही तितकीच आहे. फरक पडतो तो पुढे. तिची नजर मेलेल्यांवरून फिरत येऊन उरलेल्यांवर थांबते. अँटिगनीची नजर उलट्या दिशेने जाते. जिवंत बहिणीशी बोलता बोलता ती खालच्या लोकांकडे, पाताळातल्यांकडे वळते आणि तिथेच राहते. इथल्यांपेक्षा तिथल्यांना जास्त काळ खूश ठेवायचंय, कारण तिथेच कायमचं पडून राहायचंय, असा तिचा हिशेब ७४ ते ७६ या ओळींत आहे. एक धीट आणि एक भित्री, अशी वाटणी करून बसलेल्या नट्यांची ही वाटणी या पेन्सिलींनी सुटते.

आता ते वीस ओळींचं भाषण. इस्मेनीला नाटकभर जेमतेम साठेक ओळी आहेत आणि त्यातल्या वीस सलग इथे आहेत, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. भाषणाची बांधणी फार नेटकी आहे. आधी बाप: स्वतःचे पाप उघडं झाल्यावर त्याने स्वतःच्या हातांनी डोळे फोडले आणि लोकांच्या तिरस्कारात मेला. मग आई, जी त्याची आई आणि बायको दोन्ही होती: तिने गळफास लावून घेतला. मग भाऊ: एकाच दिवशी दोघांनी एकमेकांना संपवलं. मग 'आता उरलो आपण दोघी'. त्यानंतर कुठे कायद्याची, राजाच्या सत्तेची गोष्ट निघते. आपण बायका आहोत, पुरुषांशी झुंजायला जन्मलो नाही. आपल्यावर बलवानांचं राज्य आहे. मी पाताळातल्यांची क्षमा मागीन, माझ्यावर जबरदस्ती आहे. झेपणार नाही ते करण्यात अर्थ नाही.

हमखास होतं ते असं की नटी पहिल्या दहा ओळी उरकते आणि 'आपण बायका' या वाक्यावर येऊन थांबते, कारण आजच्या प्रेक्षकाला तेच वाक्य खटकणार हे तिला माहीत असतं. मग ते वाक्य ती एक तर लाजत बोलते किंवा टोमणा मारल्यासारखं. दोन्ही चुकतं. त्या काळच्या अथेन्समध्ये बाईचे कायदेशीर व्यवहार तिच्या पुरुष पालकामार्फत चालत. बाप मेला, भाऊ मेले. आता या दोघींचा सगळ्यात जवळचा पुरुष म्हणजे क्रेऑन, ज्याने फर्मान काढलं तोच. दोघी राहतात त्याच्याच घरात. नाटक थीब्जमधलं असलं तरी अथेन्सच्या प्रेक्षकाला इस्मेनीचं वाक्य वस्तुस्थिती म्हणूनच ऐकू आलं असणार. तेव्हा ते वाक्य सपाट, माहिती दिल्यासारखं बोलायचं. जोर द्यायचा तो आधीच्या मरणांवर. बाप, आई, भाऊ या तीन टप्प्यांनंतर प्रत्येकी एक श्वास घ्यायचा, आवाज चढवायचा नाही. 'आपण दोघी'वर आल्यावर अँटिगनीकडे बघायचं, तोवर बघायचं नाही. अशा रीतीने भाषण झालं की प्रेक्षकांना कळतं, ही मुलगी स्वतःचा जीव वाचवायला सबबी सांगत नाही. घरात उरलेलं शेवटचं माणूस जाऊ नये म्हणून आकांताने हिशेब मांडते आहे.

आणि रडू? नाही. पहिल्या प्रवेशात इस्मेनीने रडू नये. तिचं रडू सोफोक्लीजने पुढच्या प्रवेशासाठी राखून ठेवलंय. इथे ती रडली तर तिथे हातात काही उरत नाही.

अँटिगनीच्या बाबतीत उलटी अडचण येते. ती पहिल्या वाक्यापासून पेटलेली असते. नाटकाचं पहिलं वाक्य मुळात विलक्षण मायेचं आहे. इस्मेनीच्या मस्तकाला उद्देशून, एका रक्ताची, सख्खी बहीण म्हणून घातलेली साद. म्हणून आम्ही अँटिगनीला दोन्ही तळव्यांत बहिणीचा चेहरा धरून सुरुवात करायला लावतो. हात कानशिलांवर, अंगठे गालांवर, कपाळाला कपाळ लागेल इतकं अंतर. या जवळिकीतून ३७-३८ व्या ओळींपर्यंत यायचं, जिथे ती म्हणते की आता कळेल तू खानदानी आहेस की खानदानाला बट्टा. हात तिथे सुटतात. तोवर अँटिगनीला खात्री आहे की बहीण येणार. खात्री नसती तर तिने एवढी जोखीम घेऊन तिला बाहेर बोलावलंच नसतं.

४३ व्या ओळीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण ती फार महत्त्वाची आहे. अँटिगनी विचारते, प्रेत उचलायला माझ्या हाताला हात लावशील का? म्हणजे तिचा मूळ बेत रीतसर दफनाचा आहे आणि त्याला चार हात लागतात. वाढलेल्या पुरुषाचं प्रेत एकटीला उचलत नाही. पुढे शिपाई येऊन सांगतो ते काय? प्रेतावर कोरड्या धुळीचा पातळ थर होता, खणल्याची खूण नव्हती. आमचं वाचन असं आहे की इस्मेनीच्या नकारामुळेच दफनाची मूठमाती झाली. ग्रीक समजुतीत तेवढ्यानेही संस्कार पुरा होतो, पण पहारेकऱ्यांनी ती धूळ झाडून टाकल्यावर अँटिगनीला भर दुपारी परत जावं लागलं आणि ती सापडली. नटीला हे समजावून दिलं की ४३ व्या ओळीत तिचा हात खरोखर पुढे येतो, नुसता भाव म्हणून नाही. आणि इस्मेनी त्या हाताकडे बघते, धरत नाही.

६९ व्या ओळीला अँटिगनी फिरते. इस्मेनीचं भाषण संपल्याबरोबर ती म्हणते, आता तुला सांगणार नाही, आणि तू मागाहून यायला निघालीस तरी मला ते आवडणार नाही. मध्ये विचार करायला जागा नाही. नट्यांना हे अवघड जातं. त्या इथे दुखावल्याचा पॉज घेतात. पॉज घेतला की अँटिगनी समजूतदार वाटायला लागते आणि तिचा कणा जातो. तिने इस्मेनीच्या शेवटच्या शब्दावर वाक्य उचलायचं. संहितेत आणखी एक खूण आहे. मुळात दोघींसाठी ग्रीकचं द्विवचन येतं. नकारानंतर अँटिगनी दोघींना मिळून ते वापरायचं सोडते, इस्मेनी सोडत नाही. मराठीत हे काम 'आपण'कडून करून घ्यावं लागतं: ६९ नंतर अँटिगनीच्या वाक्यांत 'आपण' येऊ द्यायचं नाही, फक्त 'तू' आणि 'मी'. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण गारवा जाणवतो.

यानंतरच्या ओळी झपाट्याने जायला हव्यात. इस्मेनी म्हणते, निदान कुणाला सांगू नकोस, मीही बोलणार नाही. अँटिगनी भडकते: ओरडून सांग सगळ्यांना, गप्प बसलीस तर जास्त तिटकारा येईल तुझा! दोघींच्या स्वभावातला फरक यापेक्षा उघड कुठेच नाही. इस्मेनी अजूनही वाचवायच्या वाटा शोधते आहे. नकार देऊन मोकळी झालेली नाही, लगेच गुपितात भागीदार व्हायला तयार झाली. अँटिगनीला कृत्य लपलेलं चालत नाही, ते दिसलंच पाहिजे. ८८ व्या ओळीत इस्मेनी म्हणते की गार गोष्टींसाठी तुझं काळीज तापलंय. हे वाक्य हळू, जवळ जाऊन, निरीक्षण केल्यासारखं. प्रवेशाची शेवटची वाक्यंही तिचीच: तुला कळत नाहीये तू काय करतेस, पण आपल्या माणसांवर तुझी माया खरी आहे. नकार देणारीच्या तोंडी हे शेवटचं वाक्य देणारा नाटककार तिला क्षुल्लक मानत नव्हता, एवढं तरी पटावं.

जाताना अँटिगनी बाजूच्या वाटेने बाहेर, माळाकडे. इस्मेनी मधल्या दाराने आत. यात अदलाबदल चालत नाही, कारण ४९१-९२ मध्ये क्रेऑन म्हणतो की मी तिला आताच आत, भान हरपल्यासारखी बघितली. ती आत गेली तरच हे जुळतं.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी. मूळ प्रयोगात बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे घालून. दुसऱ्या प्रवेशात अँटिगनी, इस्मेनी आणि क्रेऑन तिघंही बोलतात. त्याआधी अँटिगनी आणि क्रेऑन समोर असताना शिपाई बोलून ४४५ च्या सुमाराला जातो. म्हणजे शिपायाचं काम इस्मेनी करणाऱ्या नटाकडेच असणार. मुखवटा आणि कपडे बदलायला त्याला ऐंशीएक ओळी मिळत. हा शिपाई जाता जाता काय म्हणतो? मैत्रिणीसारख्या माणसाला संकटात लोटताना वाईट वाटतं, पण स्वतःचा जीव सगळ्यात आधी. ज्या तोंडातून हे निघालं, तेच तोंड दुसरा मुखवटा लावून परत येतं आणि मला मरू दे म्हणतं. नटसंच लहान असेल तर ही जोडी जरूर ठेवावी. इस्मेनी करणारीलाच शिपाई द्यावा; तिला आपोआप कळतं की इस्मेनीचा जीव वाचवण्याचा आग्रह शिपायाच्या जातीचा नाही.

दुसरा प्रवेश, ५३१ ते ५८१. इस्मेनी यायच्या आधी कोरस, म्हणजे थीब्जच्या म्हाताऱ्यांचा समूह, तिचं वर्णन करतो: बहिणीच्या मायेने आसवं गळताहेत, भुवयांवर ढग उतरलाय, लालबुंद गाल भिजलेत. मुखवट्यामुळे डोळ्यांतलं पाणी दिसणार नव्हतं म्हणून ते शब्दांत आलं. आपल्याकडे चेहरा उघडा असतो, तेव्हा अनेक जण हे शब्द कापतात. कापू नयेत. कोरसने आधी सांगितलं की नटीला रडून दाखवावं लागत नाही. रडून झालेला चेहरा घेऊन यायचं, आवाज कोरडा ठेवायचा.

क्रेऑन विचारतो, तूही सामील होतीस? ती म्हणते, होय, केलं मी, ही कबूल करत असेल तर. 'ही कबूल करत असेल तर' या तुकड्यावर सगळा प्रवेश उभा आहे. त्यासाठी तिने राजाला उत्तर देताना अँटिगनीकडे बघायचं. तिघांची जागा त्रिकोणात ठेवावी, क्रेऑन मागे उंचावर, दोघी पुढे आणि एकमेकींपासून लांब, आणि अंतर कमी करायचं ते फक्त इस्मेनीने. अँटिगनी पुढे येत नाही. ती एकामागून एक दारं लावते: तू तयार नव्हतीस, मी तुला घेतलं नाही. शब्दांनी माया करणारी माझी नाही. माझ्या मरणात भागीदारी नको.

इथेच इस्मेनीचा खरा स्वभाव दिसतो, आणि तो अँटिगनीहून वेगळा असूनही कमी नाही. अँटिगनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रेषेत चालते, इस्मेनी बदलते. याच नाटककाराच्या 'इलेक्ट्रा'त अशीच जोडी आहे, इलेक्ट्रा आणि क्रायसोथेमिस. क्रायसोथेमिसही बहिणीला नाही म्हणते, व्यवहाराच्या गोष्टी सांगते आणि निघून जाते. वाटा मागायला परत येत नाही. इस्मेनी येते. दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचली की इस्मेनीचं हे परतणं किती मोठं आहे ते कळतं, म्हणून 'इलेक्ट्रा'तले बहिणींचे प्रवेश तालमीच्या काळात वाचून घ्यावेत.

५४९ ला अँटिगनी टोचते: क्रेऑनला विचार, त्याचीच काळजी आहे ना तुला! इस्मेनी म्हणते, मला असं का दुखवतेस, तुला तरी त्यातून काय मिळतं? आणि मग ५५१, अँटिगनी: हसत असेन तुला, तर माझंच दुखतंय म्हणून हसते. या ओळीपाशी बहुतेक अँटिगनी चुकतात. एक तर टोमण्याच्या ओघात ती ओळ निसटते, नाही तर नटी एकदम विरघळते आणि बहिणीला मिठी मारायला धावते. विरघळली तर पुढचं 'स्वतःला वाचव' खोटं पडतं. ओळ बोलताना अँटिगनीने जागा सोडू नये, हात हलवू नये, फक्त त्या प्रवेशात पहिल्यांदा इस्मेनीच्या डोळ्यांत बघावं. मग ५५३, स्वतःला वाचव, तू सुटलीस तर मला आकस नाही. कित्येक अभ्यासक म्हणतात की अँटिगनीचा हा सगळा निष्ठुरपणा इस्मेनीला क्रेऑनच्या तावडीतून सोडवण्यासाठी आहे. संहिता तेवढी मुभा देते, पण नटीने नुसतं तेच पकडलं तर अँटिगनी फार गोड होते. तिला खरोखरच हे कृत्य कुणाशी वाटून घ्यायचं नाही. आणि बहीण जगावी असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

५५७-५५८ ही जोडी: अँटिगनी म्हणते, शहाणपण काहींना तुझं पटलं, काहींना माझं. इस्मेनी म्हणते, तरी चूक आपल्या दोघींची सारखीच. 'आपण' अजून तिच्याकडेच आहे. या 'आपल्या'वर हलकासा भर हवा.

त्यानंतर क्रेऑन म्हणतो की या पोरींतल्या एकीला आत्ता वेड लागलंय, दुसरी जन्मापासूनच तशी. प्रेक्षक इथे हसतात, हसू द्यावं. लगेच पुढे इस्मेनीचं काम आहे. तुझ्याच मुलाची वाग्दत्त वधू मारणार का, असं ती विचारते, आणि क्रेऑनचा मुलगा हीमॉन याच्याशी अँटिगनीच्या ठरलेल्या लग्नाची गोष्ट नाटकात पहिल्यांदा येते ती इस्मेनीच्या तोंडून. क्रेऑनचं उत्तर: नांगरायला दुसरी शेतं आहेत. हे वाक्य सौम्य करू नये.

५७२ व्या ओळीचा निर्णय प्रत्येक दिग्दर्शकाला घ्यावा लागतो: 'लाडक्या हीमॉन, तुझा बाप तुझा किती अपमान करतोय!' हस्तलिखितांत ही ओळ इस्मेनीची आहे. १५०२ च्या छापील आवृत्तीत ती अँटिगनीला दिली गेली आणि तेव्हापासून वाद चालू आहे. अँटिगनीला दिली तर टाळी मिळते, कारण तिच्या पोलादी कवचातून प्रेम डोकावतं. आम्ही ती इस्मेनीकडेच ठेवतो. ही ओळ काढली तर अँटिगनी नाटकभर एकदाही हीमॉनचं नाव घेत नाही, आणि ते तिला शोभतं. जिवंत माणसांची नावं घेणं, नाती आठवून देणं, हे इस्मेनीचं काम आहे.

यानंतर इस्मेनी बोलत नाही. ७७० च्या सुमाराला कोरस विचारतो, दोघींनाही मारणार? क्रेऑन म्हणतो, जिने हात लावला नाही तिला नाही, बरं आठवण केलीत. झालं. १३५३ ओळींच्या नाटकात इथून पुढे तिचं नावही निघत नाही. आणि क्रेऑनने तिला जिवंत कोंडायला ठरवलेल्या गुहेकडे जाताना अँटिगनी काय म्हणते? माझ्यासाठी रडणारं कोणी नाही. राजकुळातली मी शेवटची उरलेली. जिने तिच्यासाठी सगळ्यांसमोर रडून मरण मागितलं, ती तिच्या लेखी उरलेलीच नाही. अँटिगनीच्या नटीने हे वाक्य जाणूनबुजून डिवचल्यासारखं बोलू नये. तिला ते खरं वाटतं. याच प्रवेशातल्या ९०४ ते ९२० या ओळी, नवरा किंवा मूल गेलं असतं तर हे केलं नसतं, भाऊ मात्र आईबाप गेल्यावर परत मिळत नाही, या अनेकांना इतक्या खटकतात की त्या सोफोक्लीजच्या नाहीतच असं म्हणतात. ॲरिस्टॉटलला मात्र त्या माहीत होत्या. आम्ही त्या ठेवतो. न मिळणाऱ्या भावासाठी मिळालेली बहीण सोडणारी अँटिगनी त्या ओळींत स्पष्ट दिसते.

शेवटी इस्मेनीला परत आणावं का, ही चर्चा प्रत्येक तालमीत निघते. हीमॉन आणि क्रेऑनची बायको युरिडिसी यांच्या प्रेतांच्या मागे तिला उभी करायची, पायरीवर बसवायची, अशा सूचना येतात. आम्ही आणत नाही. ती दिसली की प्रेक्षकांचं लक्ष क्रेऑनवरून उडतं आणि त्याच्या शेवटच्या विलापाचा जोर जातो. मग ती नटी उरलेल्या वेळात काय करणार? तिला दूताचं काम द्यावं. गुहेतली हकीकत तोच सांगतो: अँटिगनी तलम कापडाच्या फासाला लटकलेली होती. पहिल्या प्रवेशात आईच्या फासाबद्दल याच नटीने सांगितलेलं असतं. दोन्ही वेळी त्या शब्दाआधी श्वास घ्यायला लावावा, आवाज मात्र वेगळा: तिथे बहिणीला सांगतानाचा खालचा सूर, इथे वाड्यासमोर वर्दी देणाऱ्याचा मोकळा, आणि युरिडिसी ऐकत असताना तिच्याकडे न बघता.